६.२५ टीबीची टेप २.६ टीबीलाच 'फुल' का म्हणते?

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात सर्व्हर सांभाळणाऱ्याला शनिवारी सकाळी एक फोन हमखास येतो. "भाऊ, टेप भरी गयी." शुक्रवारी रात्री चुंबकीय टेपवर लावलेला बॅकअप पहाटे कधीतरी थांबलेला असतो, स्क्रीनवर दुसरी टेप मागितलेली असते आणि ती घालायला ऑफिसात कुणी नसतं. खोक्यावर तर ठळक ६.२५ टीबी (टेराबाइट) छापलेलं. गेलाय जेमतेम २.६ टीबी. मग नवी टेप येते, दुकानदाराशी हुज्जत होते, कुणीतरी ड्राइव्हच (टेपवर लिहिणारं यंत्र) बाद झाला म्हणतं, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

बहुतेक वेळा यात टेपही बरी असते, ड्राइव्हही आणि दुकानदारही. चुकीचा असतो तो आपण धरून चाललेला आकडा.

या टेपांचा प्रकार म्हणजे एलटीओ, आणि नावापुढचा आकडा म्हणजे त्याची पिढी. एलटीओच्या प्रत्येक खोक्यावर दोन आकडे असतात. त्यातला लहान आकडा टेपचा स्वतःचा, त्याला नेटिव्ह म्हणतात. एलटीओ-६ मध्ये २.५ टीबी बसतात, संपला विषय. मोठा ६.२५ हा २.५ ला २.५ ने गुणून काढलेला आहे, म्हणजे तुमचा डेटा लिहिताना अडीच पट दाबला जाईल (यालाच कॉम्प्रेशन म्हणतात) असं गृहीत धरून. ते गृहीत धरणाऱ्यांनी तुमचा सर्व्हर पाहिलेला नाही. २००० सालच्या एलटीओ-१ पासून २०१० च्या एलटीओ-५ पर्यंत हेच गृहीतक दुपटीचं होतं, म्हणून एलटीओ-५ वर १.५ आणि ३ असे आकडे दिसतात. २०१२ च्या एलटीओ-६ पासून ते अडीच पट झालं. त्याला तांत्रिक आधार आहे: लिहिताना ड्राइव्ह मागचा थोडा डेटा लक्षात ठेवतो आणि नव्या डेटात तोच मजकूर पुन्हा आला का ते बघतो. ही आठवण आधी १ किलोबाइटची होती, ती १६ किलोबाइटची झाली. पण डेटात पुनरावृत्तीच नसेल तर आठवण कितीही वाढवा, उपयोग शून्य.

जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. मोकळी रुई प्रेसमध्ये घातली की दाबून १७० किलोची घट्ट गाठ होते. तीच गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर अर्धी होत नाही. तुमच्या सर्व्हरवर रुई किती आणि आधीच बांधलेल्या गाठी किती, एवढाच हा सगळा प्रश्न आहे.

आधी एकच गोष्ट तपासा: टेप नेटिव्हच्या वर भरली की खाली?

बाकी काही उघडण्याआधी बॅकअपचा लॉग काढा आणि टेप 'फुल' म्हणाली तेव्हा तिच्यावर किती डेटा गेला होता ते बघा. एलटीओ-६ वर २.५ टीबी किंवा त्याहून जास्त गेला असेल, तर टेपनं आपलं काम केलं आहे. शोध डेटात घ्यायचा. २.५ च्या बराच खाली थांबली असेल तर मात्र काहीतरी बिघडलं आहे. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. लोक नेमक्या चुकीच्या वाटेनं जातात, म्हणजे डेटाचा दोष असताना ड्राइव्ह साफ करत बसतात.

हा आकडा वाचताना एक सापळा आहे. टेपवाले हजाराच्या हिशेबानं टीबी मोजतात, विंडोज १०२४ च्या हिशेबानं मोजतं आणि खाली 'टीबी' असंच लिहितं. त्यामुळे एलटीओ-६ ची पूर्ण भरलेली टेप विंडोजच्या मापानं २.२७ दिसते. एलटीओ-५ ची १.३६, एलटीओ-७ ची (नेटिव्ह ६) ५.४६, एलटीओ-८ ची (नेटिव्ह १२) १०.९१ आणि एलटीओ-९ ची (नेटिव्ह १८) १६.३७. २.२७ वर टेप भरली म्हणून ती परत करायला निघालेल्यांना आधी हा हिशेब दाखवावा. उलटा प्रकार जास्त त्रासाचा: विंडोजमध्ये फोल्डर २.४ टीबी दिसतो, टेप २.५ ची, म्हणजे बसेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो फोल्डर २.६४ टीबीचा आहे.

'शिल्लक जागा' हा आकडाही जपून वाचा. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे टेपच्या डबीत, एक छोटी चिप असते. ड्राइव्ह त्यातून जी शिल्लक सांगतो ती नेटिव्हच्या मापात. काही सॉफ्टवेअर तीच शिल्लक स्वतःच्या अंदाजानं फुगवून दाखवतात. रात्री 'अजून ३ टीबी शिल्लक' वाचून निर्धास्त झोपलेला माणूस सकाळी फोन करतो तो त्यामुळेच.

नेटिव्हच्या वर भरली असेल तर

मग तुमच्या डेटात गाठी जास्त आहेत. आपल्याकडच्या ऑफिसांत त्या कुठे सापडतात ते सांगतो.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आणि लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ: एच.२६४, एच.२६५, एमपी-४ हे सगळे कॅमेऱ्यातूनच दाबून आलेले असतात. टेपवर एकास एक धरा. फोटो जेपेगमध्ये असतील तर तसंच. स्कॅन केलेले सातबारे, कर्जाच्या फाइली, बिलांचे गठ्ठे बाहेरून पीडीएफ दिसतात, पण आत जेपेगच असतं. वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइली, म्हणजे नावाच्या शेवटी एक्स असलेल्या, मुळात झिपच असतात. केळीच्या व्यापाऱ्याच्या एक्सेलमध्ये आकड्यांची कितीही पुनरावृत्ती असो, ड्राइव्हला ती दिसत नाही, कारण फाइल बंद करतानाच एक्सेलनं ती दाबून टाकलेली असते.

खरी रुई म्हणजे डेटाबेस, टॅलीचा डेटा, लॉग फाइली, साधा मजकूर, जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइली. यातलं बरंच दोन-तीन पट सहज दाबलं जातं, कधी त्याहून जास्त.

हॉस्पिटलांचं प्रकरण जरा खोलात बघण्यासारखं आहे, कारण तिथं हा घोटाळा अचानक उद्भवतो. सीटी-एमआरआयच्या डायकॉम फाइली कच्च्या साठवल्या असतील तर छान दाबल्या जातात. प्रत्येक ठिपक्यासाठी १६ बिट राखलेले आणि त्यातले बहुधा १२ च वापरलेले, म्हणजे रिकामी जागा भरपूर. कित्येक वर्षं शुक्रवारचा बॅकअप एका टेपमध्ये बसतो, आणि मग नवं मशीन येतं किंवा पॅक्सचं (प्रतिमा साठवणाऱ्या यंत्रणेचं) सेटिंग बदलतं आणि प्रतिमा जेपेग-२००० मध्ये साठवल्या जायला लागतात. डिस्कवरची जागा वाचते, सगळे खूश. आता टेपवर मात्र दाबायला काही उरलेलं नसतं. एकूण डेटा तेवढाच किंवा थोडा कमीसुद्धा, तरी टेप आधी भरते. 'डेटा तर वाढलाच नाही' हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा विचारतो, गेल्या काही महिन्यांत कुठलं सेटिंग बदललं?

याच प्रश्नाला आणखी दोन उत्तरं नेहमी मिळतात. एक, एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये, कुणीतरी बॅकअप कॉम्प्रेशन चालू केलेलं असतं. ते चांगलंच आहे, फाइल लहान होते. फक्त त्या लहान फाइलवर टेपचं गुणोत्तर पुन्हा लावू नका. दोन, एन्क्रिप्शन. रॅन्समवेअरच्या बातम्या वाचून मालक म्हणतात, सगळं कुलूपबंद करा. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शनवर टिचकी मारली जाते आणि त्या रात्रीपासून कॉम्प्रेशन शून्य. एन्क्रिप्ट झालेला डेटा ड्राइव्हला निव्वळ गोंधळ दिसतो, त्यात पुनरावृत्ती सापडूच शकत नाही. डेटाबेसवर ट्रान्सपरंट डेटा एन्क्रिप्शन लावलं तरी परिणाम तोच. यावर उपाय आहे: एलटीओ-४ पासून पुढच्या ड्राइव्हमध्ये स्वतःचं २५६ बिटचं एईएस एन्क्रिप्शन असतं, आणि ड्राइव्ह आधी दाबतो, मग कुलूप लावतो. जागा अजिबात वाया जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शन 'हार्डवेअर' निवडलं की झालं. मात्र किल्ली नीट सांभाळा आणि ती टेपसोबत एकाच कपाटात ठेवू नका.

व्हीम हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. व्हीमच्या बॅकअप फाइली डिस्कवर बनतानाच दाबलेल्या असतात. त्या टेपवर पाठवताना नेटिव्ह आकडाच धरा. ड्राइव्हचं कॉम्प्रेशन चालू ठेवलं तरी एलटीओचं काही बिघडत नाही: न दाबला जाणारा डेटा आला की ड्राइव्ह तो जसाच्या तसा सोडतो, त्यामुळे आकार जवळपास वाढत नाही. फायदाही होत नाही एवढंच.

तुमचं गुणोत्तर मोजायचं कसं

दुसऱ्यांचे आकडे घेऊ नका. प्रत्येक प्रकारच्या फोल्डरमधून काही जीबीचा नमुना घ्या, थोडा जुना थोडा नवा, आणि साध्या झिपमध्ये टाका. आधीचा आकार भागिले नंतरचा आकार, हे तुमचं ढोबळ गुणोत्तर. झिप ३२ किलोबाइटपर्यंत मागे बघतं, ड्राइव्ह त्याहून कमी, म्हणून टेपवर याहून थोडं कमीच मिळेल असं समजा. सेव्हन-झिपच्या सर्वांत कडक सेटिंगवर मोजू नका, तिथला आकडा टेपला गाठता येत नाही.

मग बेरीज करा. गुणोत्तरांची सरासरी काढायची नाही, टेपवर लागणारी जागा मिळवायची. समजा ३ टीबी डेटा आहे: २ टीबी स्कॅन, फोटो, फुटेज आणि १ टीबी डेटाबेस. पहिला भाग २ टीबीच राहतो, दुसरा तीन पट दाबला जाऊन ०.३३. एकूण २.३३ टीबी. एलटीओ-६ मध्ये बसला, पण कडेकडेनं. आता फुटेज फक्त २०० जीबी वाढू द्या: २.५३. नाही बसत. सरासरी काढणारा माणूस एकास एक आणि तीनास एक यांचं मधलं, म्हणजे दुप्पट धरतो आणि टेपवर ५ टीबी मावतील असं सांगून मोकळा होतो. खरं गुणोत्तर १.२९ आहे.

एवढ्यावर टेपशिवायही मार्ग निघतो. ३० दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज दर आठवड्याला टेपवर नेण्याची गरज कोणाला आहे, हे एकदा विचारून बघा. बहुतेक ठिकाणी कुणालाच नसते. सर्व्हरच्या त्याच डिस्कवर फोल्डर होता म्हणून तो बॅकअपमध्ये आला, एवढंच.

नेटिव्हच्या खाली थांबली असेल तर

आधी कार्ट्रिजवरचं लेबल वाचा. हसू नका, हे खरंच घडतं. एलटीओ-६ चा ड्राइव्ह एलटीओ-५ च्या टेपवर बिनतक्रार लिहितो, पण लिहितो १.५ टीबीच. नवा ड्राइव्ह घेतला की जुनी कार्ट्रिजं नव्यांत मिसळतात, आणि मग 'एक आठवडा नीट जातं, एक आठवडा अडकतं' अशी तक्रार येते. आठवड्याआड अडकणाऱ्या बॅकअपला माझा पहिला संशय हाच असतो.

दुसरं, टेप रिकामी होती का? जॉब 'अपेंड'वर असेल तर मागच्या आठवड्याच्या डेटाच्या पुढे लिहिणं सुरू होतं. 'ओव्हरराइट'वर असूनही ठेवण्याची मुदत संपलेली नसेल, तर सॉफ्टवेअर जुना डेटा पुसू देत नाही. चार आठवड्यांची मुदत आणि फिरत्या टेपा तीनच, हे गणित कधीच जुळणार नाही.

एलटीएफएस वापरत असाल, म्हणजे टेप पेन ड्राइव्हसारखी उघडून फाइली ओढून टाकत असाल, तर दोन गोष्टी. टेपचा एक भाग अनुक्रमणिकेसाठी वेगळा काढलेला असतो, तेवढी जागा कमी. आणि तिथं फाइल डिलीट केली तरी जागा परत मिळत नाही. नाव यादीतून जातं, डेटा टेपवर तसाच राहतो. रोज तीच फाइल पुन्हा टाकली तर रोज नवी जागा जाते. पुन्हा फॉरमॅट करणं एवढाच उपाय.

हे सगळं ठीक असेल तर मग धूळ. ड्राइव्ह लिहिता लिहिताच लिहिलेलं वाचून तपासतो, आणि चूक दिसली की तोच भाग टेपवर पुढे पुन्हा लिहितो. हेड (ड्राइव्हचा लिहिणारा-वाचणारा भाग) मळलेलं असेल किंवा टेप झिजलेली असेल तर हे पुनर्लेखन वाढतं आणि तेवढी टेप खाल्ली जाते. बॅकअप 'यशस्वी' दाखवतो, जागा मात्र कमी पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळ सुटली की बंद खिडकीतूनही धुळीचा थर बसतो, आणि सर्व्हर रूम म्हणजे पुष्कळ ठिकाणी जिन्याखालची खोली. डाळ मिल किंवा जिनिंगच्या आवारातलं ऑफिस असेल तर बोलायलाच नको. ड्राइव्ह मागेल तेव्हा क्लीनिंग कार्ट्रिज घाला. आयबीएमच्या ड्राइव्हवर छोट्या खिडकीत 'सी' येतो, इतरांवर दिवा लागतो. न मागता दर आठवड्याला साफ करू नका, ती कार्ट्रिज हेडला घासते. आणि तिलाही आयुष्य असतं: ठरावीक वेळा वापरली की ड्राइव्ह ती न वापरताच बाहेर फेकतो, आणि लोक समजतात साफ झालं.

चुकांचे आकडे बघायचे असतील तर एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स किंवा आयबीएमचं आयटीडीटी लावा. एकाच टेपवर पुनर्लेखन जास्त दिसलं तर ती टेप बाद करा. सगळ्याच टेपांवर दिसलं तर ड्राइव्हकडे बघा.

मे महिन्याचं एक. चालू वापरात कार्ट्रिजची मर्यादा १० ते ४५ अंश सेल्सिअस अशी आहे, आणि जळगाव-भुसावळचा पारा सावलीतच ४५ च्या आसपास जातो. बंद गाडीच्या डिकीत काय होत असेल! घरी ठेवलेली टेप गाडीतून आणून लगेच एसीतल्या ड्राइव्हमध्ये ढकलू नका. आदल्या दिवशी आणून त्याच खोलीत ठेवा.

कॉम्प्रेशन चांगलं असूनही रात्र पुरत नाही

ही तक्रार वरच्या तक्रारीची जुळी बहीण आहे, आणि ती फारशी कुणाला उमगत नाही. एलटीओ-६ चा नेटिव्ह वेग सेकंदाला १६० एमबी. डेटा कमी आला तर ड्राइव्ह वेग उतरवतो, पण एका मर्यादेपर्यंत. कंपनीनुसार ती मर्यादा ४० ते ५५ एमबीच्या घरात असते. त्याखाली गेलं की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. आता बघा: गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला फार तर ११० एमबी येतात. डेटाबेस तीन पट दाबला गेला, तर टेपवर लिहायला उरतात ३७ एमबी. म्हणजे डेटा जितका चांगला दाबला जाईल तितकी टेप जास्त अडखळते, आणि ड्राइव्ह खोलीत घर्र-घर्र करत राहतो. वेळ जातो, हेड आणि टेप दोन्ही झिजतात.

याला टेपवरचं कॉम्प्रेशन बंद करणं हा उपाय नाही. बॅकअप आधी त्याच सर्व्हरच्या डिस्कवर घ्या आणि तिथून टेपवर एका दमात उतरवा. लाखो बारीक फाइली असतील तर हे जास्तच गरजेचं. एकेक फाइल उघडण्यातच डिस्क दमते आणि टेप वाट बघत बसते. प्रत्येक फाइलमागे टेपवर खूण मारून बफर (ड्राइव्हची तात्पुरती साठवण) रिकामा करणारी जुनी स्क्रिप्ट असेल तर ती बदला. ड्राइव्ह टेपवर ठरावीक मापाचेच संच लिहितो, अर्धवट भरलेला संचही पूर्ण जागा घेतो, त्यामुळे वेळेसोबत टेपही वाया जाते.

नवी खरेदी करणार असाल तर

कोटेशनमध्ये मोठा आकडा आला तर तो पेनानं खोडा आणि नेटिव्ह लिहून मागा. आजचा डेटा, त्यात तीन वर्षांची वाढ, हे नेटिव्हमध्ये बसलं पाहिजे. कॉम्प्रेशनमधून जे मिळेल ते वरकड समजा. वरच्या उदाहरणातल्या, ३.२ टीबीवर असलेल्या ऑफिसला एलटीओ-७ पुरे आहे. विक्रेता एलटीओ-९ दाखवेल.

पण जुन्या टेपांचं काय, हे आधी ठरवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि कपाटातली ती वर्षं बहुधा एलटीओ-५ किंवा ६ वर असतात. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचत. एलटीओ-८ पासून ते बंद झालं: तो एलटीओ-७ वाचतो, ६ नाही, आणि एलटीओ-९ ला मागचं फक्त ८ वाचता येतं. म्हणून एलटीओ-५ चं कपाट असलेल्यानं जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी त्या टेपा नव्यावर उतरवून घ्याव्यात, किंवा एलटीओ-७ वर थांबावं.

आणि एलटीओ-९ घेतलाच, तर कोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह ती स्वतःसाठी जुळवून घेतो. त्याला साधारण पाऊण तास, कधी दोन तासही लागतात, आणि तोवर तो अडकल्यासारखा दिसतो. मधेच बटण दाबून टेप काढू नका, वीज जाणार असेल तर यूपीएसवर ठेवा, आणि नव्या टेपा शुक्रवारी रात्री नव्हे, गुरुवारी दुपारी एकेक करून घालून ठेवा.